एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष: कोणती तारीख कोणाच्या हातात आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) तिसरं सत्र नुकतंच सुरू झालंय. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, संशोधनाचा आराखडा सादर करायचाय, डिसेंबरची नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायचीय, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलाय, ग्रामीण शिबिराची जबाबदारी अंगावर आलीय आणि कॉलेज दर महिन्याला कुठला ना कुठला दिन साजरा करायला सांगतंय. त्यात फील्डवर्कचे रिपोर्ट आत्ताच मागे पडलेत. तेव्हा मे महिन्यापर्यंतच्या सगळ्या कार्यक्रमांची आणि मुदतींची एक यादी कुणी देईल का?

मी बरीच वर्षं रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करतोय आणि एमएसडब्ल्यूच्या मुलामुलींचं फील्डवर्क बघतोय. तारखा सांगतोच. पण दुसऱ्या वर्षाची मुलं जाहीर झालेल्या तारखांवर फारशी अडकत नाहीत, परीक्षेची तारीख सगळ्यांना पाठ असते. ती अडकतात ते कुठल्याच वेळापत्रकात न छापलेल्या तारखांवर. परवानगीचं पत्र कुठल्या टेबलावर किती दिवस राहील, वस्तीतली माणसं कधी गावी जातील, दाखला कधी हातात पडेल. म्हणून तारखा महिन्यांप्रमाणे लावण्याआधी त्या कोणाच्या हातात आहेत याप्रमाणे लावा. काही तुमच्या हातात आहेत, काही कॉलेजच्या, काही सरकारी कार्यालयांच्या आणि काही तुम्ही ज्यांच्यात काम करता त्या लोकांच्या. तुमच्या हातातल्या तारखेला चार दिवस इकडेतिकडे चालतं. बाकीच्यांना तसं चालत नाही, म्हणून त्यांची कामं आधी सुरू करायची.

एक गोष्ट आधीच सांगतो. नेमके दिवस तुमच्या विद्यापीठावर आणि कॉलेजवर अवलंबून आहेत. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली, तेव्हापासून संशोधन प्रकल्पाचे श्रेयांक तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही सत्रांत विभागलेत. म्हणजे 'प्रबंध काय, एप्रिलमध्ये बघू' असं आमच्या वेळी चालायचं, ते आता चालत नाही. स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक आणखी वेगळं असतं. तेव्हा विभागाच्या फलकावरची तारीख शेवटची, माझे महिने अंदाजासाठी.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: परवानगी. तुमचा विषय रुग्णालय, बालगृह, निरीक्षणगृह, कारागृह, शासकीय आश्रमशाळा यांपैकी कशाशीही जोडलेला असेल तर आराखड्यावर मार्गदर्शकाची सही झाली त्याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे. रुग्णालयात रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. या समित्या रोज बसत नाहीत, ठरलेल्या दिवशी बसतात. बैठकीच्या आधी कागद पोहोचले नाहीत तर पुढची बैठक. बैठकीत एखादी दुरुस्ती सुचवली तर त्याच्या पुढची. ऑगस्टमध्ये दिलेल्या प्रस्तावाला दिवाळीच्या तोंडावर मंजुरी मिळाल्याचं मी पाहिलंय, आणि त्यात कुणाचीही हयगय नव्हती.

बालगृहाचं तसंच. संस्थेच्या अधीक्षकांनी तोंडी 'या की' म्हटलं म्हणून भागत नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे किंवा पुण्याच्या आयुक्तालयाकडे लेखी अर्ज जातो. या अर्जात मुलं नेहमी एकच पानभर पत्र देतात: आम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी, संशोधनासाठी परवानगी मिळावी, कळावे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यातून काहीच कळत नाही, म्हणून पत्र बाजूला राहतं. त्याऐवजी विषयाच्या ओळीतच किती मुलाखती, कोणाच्या आणि कोणत्या काळात ते लिहा. सोबत कॉलेजचं पत्र, आराखड्याची दोन पानं, प्रश्नावली, संमतीपत्राचा नमुना आणि ओळखपत्राची प्रत जोडा. आणि एक स्वतंत्र परिच्छेद असा: 'मुलांची नावे, छायाचित्रे किंवा ओळख पटेल अशी कोणतीही माहिती घेतली व प्रसिद्ध केली जाणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७४ चे पालन केले जाईल.' अधिकाऱ्याला नेमकी याचीच धास्ती असते. मुलाची ओळख उघड करायला हे कलम बंदी घालतं, आणि उद्या काही झालं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. हा परिच्छेद असलेला अर्ज 'चर्चा करा' असा शेरा न पडता पुढे सरकतो, असा माझा अनुभव आहे.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढच्या खेपेला 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं न विचारता 'अमुक आवक क्रमांक कोणत्या टेबलावर आहे' असं विचारा. साहेब दौऱ्यावर असतील, आचारसंहिता लागलेली असेल, मार्चअखेरची धावपळ असेल. यावर आपला इलाज नाही, पण कागद कुठे आहे हे माहीत असणं आपल्या हातात आहे.

आणि हेही लिहून ठेवा: ३० सप्टेंबरपर्यंत परवानगी आली नाही तर मार्गदर्शकांशी बोलून दुसरा मार्ग घ्यायचा. बालगृहातल्या मुलांऐवजी तिथून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांवरच्या तरुणांशी बोलता येतं, रुग्णांऐवजी समाजसेवा विभागातल्या कर्मचाऱ्यांशी बोलता येतं. हा दुसरा मार्ग आराखडा लिहितानाच मनात हवा.

आता लोकांच्या तारखा. याबद्दल वर्गात सगळ्यात कमी बोललं जातं, आणि माझ्या मते याच सगळ्यात महत्त्वाच्या. माझ्याकडे फील्डवर्कला असलेल्या एका विद्यार्थिनीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या आरोग्यावर विषय घेतला होता. प्रश्नावलीसारखी संशोधनाची साधने तयार करून, तिसऱ्या सत्राची परीक्षा आटोपून ती डिसेंबरात गावात पोहोचली. घरांना कुलपं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्या होत्या आणि गळीत हंगाम संपल्याशिवाय परतणार नव्हत्या. गावात उरली होती म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी मुलं. तिला दोनच वाटा होत्या: कोल्हापूर-सांगलीकडच्या फडांवर जाऊन कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या बायकांना गाठायचं, नाहीतर विषय वळवायचा. फडावरच्या बाईचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर ती चूल पेटवते, त्यात पाऊण तासाची मुलाखत मागायची तरी कोणत्या तोंडाने? तिने विषय वळवला. हंगामात गावात मागे राहणाऱ्या मुलांचा सांभाळ आजी-आजोबा कसा करतात, यावर काम केलं, आणि ते काम चांगलं झालं. पण साधने पुन्हा तयार करावी लागली, आराखडा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला, आणि जानेवारी त्यातच गेला.

प्रत्येक ठिकाणचं असं एक वेळापत्रक असतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मेळघाटात कोरकू समाजाचा सगळ्यात मोठा सण होळी, बाहेर कामाला गेलेले लोक त्या वेळी घरी येतात, त्यामुळे भेटायचं असेल तर तो आठवडा धरावा. पण सण चालू असताना प्रश्नावली काढू नये, त्याच्या दोन दिवस पुढे-मागे बघावं. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमधून मे महिन्यात निम्मी घरं गावाला गेलेली असतात. रमजानमध्ये दुपारनंतरच्या भेटी टाळाव्यात. घरकाम करणाऱ्या बायका दिवाळीआधीचे पंधरा दिवस कामातून मान वर काढत नाहीत. तुमच्या विषयातल्या माणसांचं वर्ष कसं जातं हे वस्तीतल्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आत्ताच विचारा. दहा मिनिटांत कळेल, आणि माहिती गोळा करायचे महिने त्याप्रमाणे ठरतील.

ग्रामीण शिबिराची जबाबदारी तुमच्याकडे आहे म्हणता, तर तिथेही हेच लागू आहे. कॉलेज आपल्या सोयीची तारीख धरतं, परीक्षा संपल्या की लगेच. गावाची सोयही बघा. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना शिबिर घेतलंत तर प्रभातफेरी तुम्ही काढाल आणि बघायला कुणी नसेल. जमलं तर शिबिराचा एखादा दिवस ग्रामसभेला जोडून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास बहुतेक गावांत ग्रामसभा होते. गावाच्या विकास आराखड्याची चर्चा साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होते. ती कशी होते, कोण बोलतं, बायका कुठे बसतात, हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं की समुदाय संघटनाच्या पेपरात उदाहरण शोधावं लागत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) शिबिराआधी महिनाभर भेटून या. राहायची, पाण्याची आणि शौचालयाची सोय कागदावर नाही, डोळ्यांनी बघून या, विशेषतः मुलींसाठी.

परीक्षा आणि शिष्यवृत्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्या अधिसूचना उघड असतात. नेट वर्षातून दोनदा होते. जून सत्राचे अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये, डिसेंबर सत्राचे ऑक्टोबर ते डिसेंबर या दरम्यान. डिसेंबर सत्राची परीक्षा कधीकधी जानेवारीत जाते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसता येतं, मात्र निकालापासून दोन वर्षांच्या आत आवश्यक गुणांनी पदव्युत्तर पदवी पूर्ण करावी लागते: खुल्या गटासाठी ५५ टक्के, राखीव गटांना ५० टक्के. जेआरएफची (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपची) वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३० वर्षं आहे, तेव्हा नोकरी करून मग या परीक्षेला बसू असं ठरवणाऱ्यांनी वयाचा हिशेब करावा. जून २०२४ पासून नेटचा निकाल पीएचडी प्रवेशासाठीही धरतात. सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी चालते, तिच्या तारखा दर वर्षी सरकतात आणि तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. दोन्हींचा साचा एकच, पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, वेळ तीन तास, त्यामुळे अभ्यास एकदाच होतो.

तुम्ही डिसेंबरची नेट द्यावी का? तिसऱ्या सत्राची परीक्षा आणि नेट यांत दोन-तीन आठवड्यांचंही अंतर पडत नसेल तर डिसेंबरला सराव म्हणून बसा आणि खरी तयारी जूनची करा. एमएसडब्ल्यूचं चौथं सत्र मेमध्ये संपतं, दोन वर्षांचा सगळा अभ्यास तेव्हा ताजा असतो. ज्यांचं पदवीलाही बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यच, आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना डिसेंबर जमू शकतं.

महाडीबीटीचं मात्र आजच करा. नूतनीकरणाचा अर्ज अडतो तो दाखल्यांवर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांची मुदत बहुधा ३१ मार्चला संपलेली असते, आणि विद्यार्थी मागच्या वर्षीचाच अपलोड करतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही तपासा, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही खात्यात येत नाही. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये पोहोचला का आणि तिथून पुढे गेला का, हे लिपिकाला दर पंधरवड्याला विचारत राहा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना वेगळी आहे, तिचा अर्ज समाजकल्याण कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे भरायचा असतो.

आता कार्यक्रमांकडे येतो. १० ऑक्टोबर जागतिक मानसिक आरोग्य दिन, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर स्त्रियांवरच्या हिंसेविरोधातला सोळा दिवसांचा पंधरवडा, त्यातच २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, १ डिसेंबरचा एड्स दिन आणि ३ डिसेंबरचा अपंग व्यक्तींचा दिन, मग ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, ८ मार्च, आणि मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन, २०२७ मध्ये तो १६ मार्चला येतो. प्रत्येकाला पथनाट्य, प्रत्येकाला पोस्टर असं केलंत तर हाती काहीच लागत नाही. वर्षातून दोन कार्यक्रम निवडा, तुमच्या फील्डवर्कच्या वस्तीशी थेट संबंध असलेले, आणि बाकीच्यांना प्रेक्षक म्हणून जा. निवडलेल्या कार्यक्रमातून वस्तीला काहीतरी मिळालं पाहिजे. अपंग दिनाला भाषणाऐवजी युडीआयडी कार्डाची (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राची) नोंदणी करून घ्या. पंधरवड्यात पथनाट्य करायचंच असेल तर शेवटी सखी केंद्राचा (हिंसाग्रस्त बायकांसाठीच्या मदतकेंद्राचा) पत्ता आणि १८१ हा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक बाईपर्यंत पोहोचला का ते बघा. हे कॉलेजच्या अहवालातही छान दिसतं, पण ते कारण दुय्यम.

परिषदांमध्ये शोधनिबंध वाचायचा मोहही याच काळात होतो. मागच्या सत्रातलं फील्डवर्कचं एखादं प्रकरण नीट मांडता येत असेल तर एक निबंध जरूर वाचा. नुसत्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरून चार ठिकाणी जाऊ नका. मुलाखतीत आम्ही प्रमाणपत्रं मोजत नाही, एका केसबद्दल सलग दहा मिनिटं बोलायला सांगतो.

तुमच्या प्रश्नात न आलेल्या काही मुदती आहेत, त्या क्लायंटच्या, म्हणजे ज्यांच्या केसवर तुम्ही काम करता त्या माणसांच्या. आपल्याकडचं समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात, एका वस्तीकेंद्रातून सुरू झालं, पुढे त्याची टाटा समाजविज्ञान संस्था झाली. वस्तीत राहून काम करणं हा या अभ्यासक्रमाचा पाया आहे, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत क्लायंटच्या तारखा सगळ्यात वर असतात. हरवलेलं किंवा निराधार मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अर्ज मिळाल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि त्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर यायला हवं, आणि आलं नाही तर पहिल्या अपिलाला पुन्हा ३० दिवस. वस्तीतल्या कुणाच्या मुलाचा आरटीईचा (खासगी शाळांतल्या राखीव मोफत जागांसाठीचा) अर्ज भरायचा असेल तर त्याची ऑनलाइन मुदत वाढेलच असं धरून चालू नका. तुमचा रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला तर मी ओरडेन आणि विसरेन. क्लायंटची मुदत हुकली तर क्लायंटचं नुकसान होतं, आणि पुष्कळदा तिला ते कळतही नाही. म्हणून सुट्टीवर किंवा परीक्षेला जाताना तुमच्या चालू केसेसमधल्या पुढच्या तारखा संस्थेतल्या कर्मचाऱ्याला लेखी देऊन जा. दिवाळीच्या सुट्टीत हे नेमकं राहून जातं.

नोकरीच्या बाबतीत थोडंसं. ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे शेवटी एका संस्थेत सलग करायचं फील्डवर्क, ही नोकरीची पहिली मुलाखत समजा. कुठे जायचं ते डिसेंबरपर्यंत ठरवा आणि जानेवारीत संस्थेला पत्र द्या, कारण चांगल्या संस्थांकडे जागा थोड्या असतात. फेलोशिपची निवड अनेक टप्प्यांची असते आणि बरीचशी शेवटच्या सत्रातच चालते. एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, गांधी फेलोशिप आणि टीच फॉर इंडिया प्रत्येकी दोन वर्षांच्या. घरी पैशांची गरज किती आहे, गावात राहायची तयारी आहे का, यावर निवड करा. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या जागांच्या जाहिराती मात्र कधीही येतात आणि मुदत कमी असते. त्यासाठी दाखले, गुणपत्रिका आणि फील्डवर्कची प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून तयार ठेवा. प्रत्येक संस्थेतून निघतानाच प्रमाणपत्र घ्या, वर्षभराने तिथले सुपरवायझर बदललेले असतात.

राहिला प्रश्न मागे पडलेल्या रिपोर्टांचा. सगळे एका बैठकीत लिहून काढायचा प्रयत्न करू नका, आठवणीतून लिहिलेला प्रोसेस रेकॉर्डिंगचा (भेटीतला संवाद जसाच्या तसा नोंदवायचा) रिपोर्ट वाचणाऱ्याला लगेच कळतो, त्यात संवाद नसतात, फक्त 'समुपदेशन केले' असतं. आधी या आठवड्याचा रिपोर्ट वेळेवर लिहा, म्हणजे थकबाकी वाढायची थांबेल. मग जुन्यांपैकी ज्यांच्या जागेवर घेतलेल्या टिपा वहीत आहेत ते पूर्ण लिहा. ज्यांच्या टिपा नाहीत त्यांचा तारीख, कोणाला भेटलो, काय ठरलं, एवढाच सारांश द्या आणि तो सारांश आहे असं वर स्पष्ट लिहा. इथून पुढे फील्डवर्कहून निघाल्यावर बसमध्ये किंवा लोकलमध्येच दहा ओळी खरडायच्या, क्लायंटचं एक वाक्य तिच्याच शब्दांत. आणि येत्या आयसीची (सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक चर्चेची) वाट न बघता सुपरवायझरना उद्याच फोन करून किती रिपोर्ट राहिलेत आणि कोणत्या तारखेपर्यंत देताय ते सांगा.